नसलेल्यांचे देणे

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एक शिपाई निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना वारले. बावीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा दिली. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि त्यावर मारायची लोखंडी दांडी. दुसऱ्या दिवशी पटांगणावर शोकसभा झाली. मुख्याध्यापक या नात्याने मी बोललो. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, प्रामाणिक अशी विशेषणे एकामागून एक वापरली. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून निघणार नाही, असेही म्हणालो. दोन मिनिटे स्तब्धता पाळली आणि शाळा सुटली. मुले दप्तरे घेऊन पळाली. त्यांचा मला राग आला नाही. ते वयच पळण्याचे असते.

त्यांच्या पत्नी सभेला आल्या होत्या आणि सगळ्यांच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली उभ्या होत्या. घरची भाषा कानडी. मराठी कळत असे, पण माझे सभेतले मराठी त्यांना पुरते कळले असेल असे वाटत नाही. सांत्वनाचे दोन शब्द बोलावेत म्हणून मी जवळ गेलो. त्या रडत नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "अवरु हंग इरलिल्ल री, सर." ते तसे नव्हते हो. मग माझा चेहरा पाहून त्यांनीच सावरून घेतले आणि मराठीत म्हणाल्या, "चांगलंच सांगितलासा. पर ते दुसरंच कोण तरी वाटलं."

त्यांनी तक्रार केली नव्हती. तरी ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आपला माणूस या भाषणात कुठेतरी भेटेल या आशेने ती बाई उन्हात उभी राहिली असणार, आणि तो तिला तेथे भेटला नाही. घरात तर तो नव्हताच. आता माझ्या शब्दांतही नव्हता. एका माणसाला मी दुसऱ्यांदा नाहीसे केले होते, आणि तेही त्याची स्तुती करून.

तीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. विरह, आठवण, मृत्यू या विषयांवरच्या कविता पाठ्यपुस्तकांत दरवर्षी असतात आणि त्यांचे रसग्रहण मी मुलांकडून करून घेतो. पण जे माणूस आता नाही त्याचे आपण काही देणे लागतो काय, लागत असल्यास ते कसे फेडायचे, आणि आठवण काढणे हे नेहमी चांगुलपणाचेच कृत्य असते काय, हे प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारले नव्हते. त्या बाईंच्या वाक्याने ते विचारायला लावले. उत्तर शोधताना मला आधार झाला तो मुख्यतः आपल्या काळातील कवितेचा. त्याविषयी येथे लिहीत आहे.

आरंभी एक तात्त्विक अडचण सांगितली पाहिजे. दया किंवा प्रेम करायचे म्हणजे ते घेणारे कोणी समोर असावे लागते. भुकेल्याला अन्न देता येते, पडलेल्याला हात देता येतो. जो नाहीच त्याला काय द्यायचे? डॅनिश तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्द याने १८४७ साली प्रेमाच्या कृतींविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक प्रकरण मृताचे स्मरण करण्याच्या कृतीवर आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रेमाची खरी परीक्षा करायची असेल तर माणूस मृताशी कसा वागतो ते पाहावे. जिवंत माणसावरच्या प्रेमात परतफेडीची आशा कुठेतरी दडलेली असते. निदान भीड असते, लोकलज्जा असते. मृत माणूस काही परत देत नाही, काही मागत नाही, विसरलात तर रागावत नाही. म्हणून त्याचे स्मरण हे सर्वांत निःस्वार्थ प्रेम होय.

विचार उदात्त आहे, परंतु माझे त्याने पूर्ण समाधान झाले नाही. मृत माणूस रागावत नाही हे जितके खरे, तितकेच तो विरोध करीत नाही हेही खरे. आपण त्याच्याविषयी काहीही बोलू शकतो. त्याला देव करू शकतो, आपल्या बाजूचा साक्षीदार करू शकतो, आपल्या भाषणाचे निमित्त करू शकतो. मी तेच केले होते. म्हणजे स्मरणात निःस्वार्थ होण्याची जेवढी संधी आहे तेवढीच लबाडीचीही आहे. या दोहोंत फरक कशाने पडतो, हा खरा प्रश्न आहे.

येथे आपल्याच गावच्या एका कवयित्रीकडे वळावेसे वाटते. इंदिरा संत यांचे आयुष्य बेळगावात गेले, त्यांनी अध्यापनही येथेच केले. त्यांचे पती ना. मा. संत हेही कवी होते. १९४० साली दोघांच्या कवितांचा मिळून 'सहवास' हा संग्रह निघाला. १९४६ साली पती गेले. 'सहवास' हे नाव एका संग्रहाला देऊन अवघ्या सहा वर्षांत सहवास संपावा, याहून कठोर योगायोग कोणता? त्यानंतर १९५१ साली 'शेला' आला, मग 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी'. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००० साली त्यांचे निधन झाले. म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्या लिहीत होत्या.

इतक्या वर्षांच्या या कवितेत गेलेल्या माणसाची स्तुती जवळजवळ नाही, हे मला फार उशिरा लक्षात आले. ते कसे गुणी होते, कसे विद्वान होते, याचा पाढा तेथे नाही. आहेत ती घरे, दारे, पाऊस, संध्याकाळ, फुले, मातीचा आणि गवताचा रंग. जो नाही त्याच्याविषयी न बोलता, तो नसल्यामुळे या वस्तू कशा दिसू लागल्या ते कवयित्री सांगते. एखादी तसबीर भिंतीवरून काढली की तिच्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसतो. इतकी वर्षे ऊन न लागलेला तेवढा चौकोन राहतो. इंदिराबाईंची कविता तो चौकोन अचूक रेखते. त्यात काय होते ते सांगण्याचा हट्ट ती धरीत नाही.

हा केवळ शैलीचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. मला तो नीतीचाही वाटतो. विशेषणे ही तयार कपड्यांसारखी असतात, कोणाच्याही अंगावर चढवता येतात. 'कर्तव्यदक्ष' हा शब्द मी त्या शिपायांविषयी वापरला तसा त्यापूर्वी तीन निवृत्त शिक्षकांविषयी वापरला होता. त्यात एकाही माणसाकडे पाहावे लागले नव्हते. तपशील मात्र उसना आणता येत नाही. तो ज्याचा त्याचाच असतो आणि तो सांगायचा तर त्या माणसाकडे कधीतरी नीट पाहिलेले असावे लागते. म्हणून माझी अशी समजूत झाली आहे की, नुसता गुणगौरव हा विसरण्याचाच एक सभ्य प्रकार आहे, आणि तपशील जपणे हे नसलेल्यावर करता येण्याजोगे मोठे प्रेम आहे.

इंदिराबाईंच्या बाबतीत आपण वाचकांनी एक अन्यायही केला, तो येथे नमूद केला पाहिजे. त्यांची प्रत्येक ओळ आपण वैधव्याशी जोडून वाचली. पावसाची कविता असली तरी हळहळलो, झाडाची असली तरी हळहळलो. ही करुणा नव्हे, ही कीव झाली. या दोन शब्दांत फरक आहे. कीव करणारा दुसऱ्याच्या दुःखाकडे उंबऱ्याबाहेर उभा राहून पाहतो आणि ते दुःख आपल्या घरात नाही म्हणून मनातून सुखावतो. त्याला त्या माणसातले दुःख तेवढे दिसते, माणूस दिसत नाही. करुणेला आत यावे लागते. आपल्या बायका या अर्थाने 'माया' हा शब्द वापरतात, तो मला अधिक जवळचा वाटतो. माया करणारा समोरच्याचे नुसते दुःख पाहत नाही. त्याला चहात साखर किती लागते तेही त्याला ठाऊक असते.

याच घरातील एका मुलाने पुढे काय केले ते सर्वांना माहीत आहे. प्रकाश नारायण संत यांचा जन्म १९३७ चा. वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे. 'वनवास' हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९९४ साली निघाला, त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि २००३ साली ते गेल्यावर 'झुंबर'. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा त्यातला लंपन आपल्या भागातील वाचकांना परका वाटतच नाही, कारण त्याच्या बोलण्यात कानडी आणि मराठी आपल्या गल्लीत मिसळतात तशी मिसळलेली आहे. हे लेखन गद्य आहे, पण माझ्या मुद्द्याला ते पुष्टी देते. इतक्या वर्षांनंतर त्या गावातले आवाज, वास, माणसांच्या लकबी जागच्या जागी आहेत. कोणालाही मोठे केलेले नाही आणि कोणाला लहानही केलेले नाही.

आता दुसरी पायरी. तपशील अचूक असला की आठवण दयाळू होतेच, असे मात्र नाही. अचूक आठवणी वैरीही ठेवतात. किंबहुना वैऱ्याइतकी बारीक आठवण कोणाचीच नसते. कोणी कोणत्या लग्नात मानपान केला नाही, बांध किती बोटे सरकला, हे आपल्याकडे तीन तीन पिढ्या ध्यानात राहते. मग आठवणीला दयेकडे वळवणारी आणखी कोणती गोष्ट आहे?

याचे उत्तर मला धारवाडच्या एका कवीकडे सापडले. द. रा. बेंद्रे हे कन्नडचे महाकवी. 'नाकु तंती'साठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या घरची भाषा मराठी होती हे आपल्या भागात सर्वज्ञात आहे, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. अपत्यांच्या मृत्यूचे दुःख त्यांच्या वाट्याला अनेकदा आले. त्यांची एक कविता कानडी घराघरांत ठाऊक आहे. मूल गेले आहे आणि आईबाप एकमेकांसमोर आहेत. या कवितेत बाप मुलाविषयी फारसे बोलत नाही. तो बायकोकडे पाहतो. तिच्या डोळ्यांत अडकून राहिलेले रडणे त्याला दिसते. तिचे ते पाहणे त्याला सहन होत नाही, आणि ती मोकळेपणी रडत नाही हेही सहन होत नाही.

ही कविता मी प्रथम एका कानडी सहकाऱ्याकडून ऐकली. त्याने ओळ म्हणायची आणि अर्थ सांगायचा, असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत दुपारच्या सुटीत बसलो होतो. कवितेचे सगळे बळ कोठे आहे ते मला त्या दिवशी कळले. आपण सारे शोकात स्वतःकडे पाहतो. माझे मूल गेले, माझे वडील गेले, माझे काय होणार. बेंद्र्यांच्या कवितेतला बाप त्या क्षणी शेजारच्या माणसाकडे पाहतो. नसलेल्याची आठवण त्याला असलेल्याकडे घेऊन जाते. वैऱ्याच्या आठवणीत आणि या आठवणीत फरक आहे तो येथेच. वैराची आठवण माणसाला मागे ओढून एका जागी बांधून ठेवते. मायेची आठवण त्याला वळवून आज समोर असलेल्या माणसापुढे उभे करते.

आपल्या सीमाभागातील कुटुंबांना यावर विचार करण्याचे विशेष कारण आहे. आपल्याकडे आठवणींचा तुटवडा नाही. १ नोव्हेंबर १९५६ या एका तारखेच्या दोन आठवणी या जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. त्याच दिवशी एकीकडे राज्योत्सव असतो, तर दुसरीकडे काळा दिन. त्या प्रश्नाचा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे आणि मराठी माणसाने आपले दुःख विसरावे असे मी म्हणणार नाही. विसरणे हा उपाय नव्हे. पण आपले दुःख आठवताना शेजाऱ्याच्या घरात कोण गेले, त्याचे काय हरवले, हे आपल्याला ठाऊक असते काय? ज्या बाईंचे कानडी वाक्य मी वर दिले, त्यांचा नवरा बावीस वर्षे मराठी शाळेची घंटा देत होता. त्याच्या घरची भाषा मला ठाऊक होती. त्या भाषेत शोकसभेत एक वाक्य बोलावे, हे मात्र मला सुचले नाही. येत नव्हते असे नाही. बाजारात भाजी घेताना मी रोज बोलतो.

सार्वजनिक दुःखाच्या वेळी कविता काय करू शकते, याचे आपल्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण रशियाचे आहे. स्टालिनच्या अमदानीत कवयित्री आन्ना आख्मातोवा हिचा मुलगा लेव्ह तुरुंगात होता. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांत तिने सतरा महिने काढले. अशा रांगांत बहुतेक बायकाच असत. कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा आत. तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नसे. एके दिवशी तिच्या मागे उभ्या असलेल्या, थंडीने ओठ निळे पडलेल्या एका बाईने, जिने तिचे नाव कधी ऐकलेही नसावे, तिच्या कानाशी कुजबुजून विचारले की याचे वर्णन तुम्हाला करता येईल का. कवयित्रीने होकार दिला. तो ऐकून त्या बाईच्या चेहऱ्यावर हसण्यासारखे काहीतरी उमटून गेले, असे आख्मातोवाने स्वतःच आपल्या 'रेक्विएम' या काव्याच्या आरंभी नोंदवले आहे.

त्या बाईने भाकरी मागितली नाही, मुलाची सुटका मागितली नाही. तिने वर्णन मागितले. आमच्या शिपायांच्या पत्नीने मागितले तेच. जे घडले ते जसे घडले तसे कोणीतरी सांगावे, एवढेच. दुःखाचे अचूक वर्णन होणे ही माणसाची एक मूलभूत गरज असावी, असे मला यावरून वाटते. पोटाच्या खालोखालची.

हे काव्य कागदावर ठेवणे जिवावर बेतण्यासारखे होते. आख्मातोवा ओळी चिठ्ठीवर लिहून विश्वासू मैत्रिणीला दाखवी, ती पाठ करून घेई, आणि मग चिठ्ठी जाळून टाकली जाई. लिदिया चुकोव्स्काया ही अशा पाठ करणाऱ्यांपैकी एक. ते काव्य छापले गेले १९६३ साली, तेही म्यूनिकमध्ये. तिच्या स्वतःच्या देशात ते प्रसिद्ध व्हायला १९८७ साल उजाडले. आख्मातोवा १९६६ सालीच गेली होती. तिचा समकालीन कवी ओसिप मांदेलश्ताम याला १९३४ साली अटक झाली, १९३८ साली पुन्हा झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मरण पावला. त्याच्या कविता वाचल्या त्या त्याची पत्नी नादेझ्दा हिच्यामुळे. तिने त्या वर्षानुवर्षे पाठ करून ठेवल्या. नादेझ्दा या रशियन नावाचा अर्थ आशा असा होतो.

पाठांतराची आज आपण थट्टा करतो. मीसुद्धा शिक्षक म्हणून 'घोकंपट्टी नको' असे सांगत आलो. पण या दोन उदाहरणांवरून कळते की आठवण ही नुसती भावना नाही, ते काम आहे. रोज करावे लागते. नादेझ्दाला रात्री झोप येत असेल तेव्हाही ओळी मनात फिरवाव्या लागल्या असतील, एखादा शब्द निसटला तर तो सापडेपर्यंत चैन पडले नसेल. आपण म्हणतो, "त्यांची आठवण येते." जणू ती पाहुण्यासारखी आपणहून येते. कधी कधी तिला आणावी लागते, नदीवरून पाणी आणावे तशी.

याच नादेझ्दाला मराठी कवितेत एका कोल्हापुरात जन्मलेल्या कवीने जागा दिली आहे. अरुण कोलटकर यांचा 'भिजकी वही' हा संग्रह २००३ साली, त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी आला. या जाडजूड संग्रहात कोलटकरांनी जगभरच्या शोक करणाऱ्या, छळ सोसलेल्या स्त्रियांना एकत्र बोलावले आहे. इजिप्तच्या पुराणातील इसिस, ट्रॉयची कॅसान्ड्रा, अलेक्झान्ड्रियाची विदुषी हिपेशिया, आणि विसाव्या शतकातील नादेझ्दा. कोणत्या नात्याने? कवीचे यांच्याशी रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, भाषेचे नाही, धर्माचेही नाही. त्या रडल्या एवढेच नाते.

वही भिजली ती अशी परक्यांच्या आसवांनी. मला हा संग्रह वाचताना आपल्या तर्पणाची आठवण होते. आपल्या पितरांची नावे घेऊन झाल्यावर, जे आपले कोणी नव्हते आणि ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडण्याची रीत त्या विधीत आहे. तो विधी आज पुष्कळ घरांतून होत नाही आणि व्हावाच असा माझा आग्रह नाही. पण ज्याने ती शेवटची ओंजळ त्यात घातली, त्याला आठवणीचा धर्म कळला होता. केवळ आपल्याच माणसांची आठवण हीदेखील अखेर एक प्रकारची मालमत्ताच. परक्याची ओंजळ सोडली की ती दया होते.

परक्याने केलेल्या दयेतूनच ज्याची कविता उभी राहिली, असा कवीही आपल्या भाषेत होऊन गेला. नारायण सुर्वे यांना आपले जन्मदाते कोण हे ठाऊक नव्हते. १९२६ साली मुंबईत एका गिरणी कामगाराला, गंगाराम सुर्वे यांना, टाकून दिलेले तान्हे मूल सापडले. त्यांनी ते घरी नेले, आणि त्यांनी व काशीबाईंनी वाढवले, आपले आडनाव दिले. जात विचारली नाही, भाषा विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ते मूल हॉटेलात कपबश्या धुऊन, गिरणीत राबून मोठे झाले, शाळेत शिपाई झाले, पुढे शाळेतच शिक्षक झाले. १९६६ साली 'माझे विद्यापीठ' आले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जन्मदात्यांच्या अनुपस्थितीवर सुर्व्यांनी आयुष्यभर आक्रोश केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांची कविता न मिळालेल्या आईबापांचा हिशोब मागत बसत नाही. भेटलेल्या माणसांना ती आठवते, त्यांच्या नावागावासह, बोलण्याच्या ढबीसह. गंगारामांनी एकदा वाकून उचलले, आणि ते वाकणे पुढे शेकडो कवितांत चालू राहिले.

सुर्वे शाळेत शिपाई होते हे वाचले तेव्हा मला आमचे शिपाई आठवले. कविता राहू दे, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही असेल हेदेखील बावीस वर्षांत माझ्या मनात आले नव्हते.

शोकसभेनंतर महिनाभराने कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर सह्या घ्यायच्या म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. क्लार्कला पाठवता आले असते, पण ते वाक्य मनात होते. सह्या झाल्यावर मी मोडक्या कानडीत विचारले, "अक्का, ते कसे होते ते सांगा." त्यांनी आधी चहा ठेवला. मग सांगू लागल्या. ते फार चिडखोर होते. आमटीत मीठ कमी पडले तर ताट सरकवीत. मुलीच्या लग्नात एका कोपऱ्यात जाऊन रडले. शाळेच्या किल्ल्या रात्री उशाखाली ठेवून झोपत. आणि पावसाळ्यात दुसरी घंटा मुद्दाम उशिरा देत.

मी विचारले, मुद्दाम का? त्या म्हणाल्या, नाल्यापलीकडच्या वस्तीवरची पोरे फिरून यायची. घंटा झाली की फाटक बंद होई आणि उशिरा आलेल्यांना उभे करत. म्हणून ते व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून वाट पाहत. शेवटचे पोर फाटकातून आत आले की मगच दांडी हातात घेत. संध्याकाळी घरी येऊन सांगत, आज किती पोरे भिजली.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. पावसाळ्यात घंटा चार-पाच मिनिटे उशिरा होते म्हणून मी त्यांना दोन वेळा मेमो दिला होता. दोन्हींवर त्यांनी सही केली. खुलासा दिला नाही. दिला असता तर मला नियम दाखवून ती सवलत बंद करावी लागली असती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते. ज्यांना मी 'शिस्तप्रिय' म्हणालो, त्यांची सर्वांत मोठी गोष्ट त्यांनी शिस्त मोडली ही होती. त्या बाई बरोबर बोलल्या होत्या. ते तसे नव्हते.

यातून मला जे समजले ते असे. नसलेल्यांचे देणे फेडायचे, तर त्यांचा खरा तपशील जपला पाहिजे, आणि त्या तपशिलाने आपल्याला आजच्या माणसांकडे वळवले पाहिजे. इंदिरा संतांपासून कोलटकरांपर्यंतच्या कवितेने मला हे शिकवले, आणि एका निरक्षर बाईने ती कविता मला उलगडून दाखवली. पण एक गोष्ट कोणतीही कविता करू शकत नाही. माणूस असताना त्याच्याकडे पाहायचे राहून गेले, तर ते पाहणे मागाहून उसने मिळत नाही. त्या घरी जाऊन मी जे ऐकले ते एका बाईची आठवण होती. माझी स्वतःची आठवण म्हणून माझ्याकडे दोन मेमो आहेत.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण घराबाहेर एक पणती लावतो, तिची ज्योत दक्षिणेकडे करून. दिवाळीचे बाकी सारे दिवे आपल्या घरासाठी असतात. हा एक दिवा मात्र घराकडे पाठ करून जळतो. लहानपणी मला त्याची भीती वाटे. आता तो लावताना मी आमच्या शिपायांचे नाव घेतो, आणि शाळेत सध्या जे दोघे शिपाई आहेत त्यांच्या गावांची आणि मुलांची नावे मला ठाऊक आहेत ना, हे मनाशी पडताळून पाहतो.

शाळेत आता विजेची घंटा आहे. ती सेकंदालाही चुकत नाही. पावसाळ्यात फाटक मात्र दहा मिनिटे उशिरा बंद करण्याचा लेखी आदेश मी काढला आहे. त्या मेमोंची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात आहे आणि नियमाप्रमाणे ती खोडता येत नाही. खुलाशाची जागा तेथे कोरी आहे. तो खुलासा मी येथे लिहिला आहे.